परदेशातील जुन्या पत्रमित्राचा माग कसा काढावा

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी, कोपरी या भागांतील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या, की माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात आणि एखाद्या ट्रंकेच्या तळाशी सुतळीने बांधलेला परदेशी पत्रांचा गठ्ठा निघतो. एका पिढीतल्या अनेक मुलामुलींनी शाळा-महाविद्यालयात असताना परदेशी पत्रमित्र जोडले होते. मासिकांतील पत्रमैत्रीची सदरे, फिनलंडमधील तुर्कू शहरातून १९५२ ते २००८ या काळात चाललेली ‘इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस’ ही पत्रमित्र जुळवून देणारी संस्था आणि परदेशी रेडिओ केंद्रांची श्रोतामंडळे यांतून नावे मिळत असत. पुढे नोकरी, लग्न आणि घरबदल यांच्या धबडग्यात पत्रे थांबली. तो मित्र किंवा ती मैत्रीण आज कुठे आहे हे शोधण्याची इच्छा असलेल्या, पण सुरुवात कोठून करावी हे माहीत नसलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे.

बहुतेक जण पहिल्याच दिवशी फेसबुकवर नाव टाकतात, त्याच नावाची शे-दोनशे माणसे समोर आली की गोंधळतात आणि शोध तिथेच सोडून देतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी हातातले कागद नीट वाचावेत, मग त्या देशात कोणती माहिती कोणाला मिळते ते समजून घ्यावे, त्यानंतर समाजमाध्यमांकडे वळावे आणि शेवटी टपालाने पत्र पाठवावे.

पहिले काम : पत्रे वाचणे

सर्व पत्रे तारखेनुसार लावून घ्यावीत. पाकिटे फेकू नयेत, कारण पत्रापेक्षा पाकीट अधिक बोलके असते : पाठवणाऱ्याचा पत्ता, टपाल शिक्का, शिक्क्यावरील गावाचे नाव आणि तारीख हे सर्व तिथेच असते. प्रत्येक पत्राचा व पाकिटाचा दोन्ही बाजूंनी उजेडात फोटो काढून ठेवावा आणि त्यानंतर मूळ कागदांना फारसा हात लावू नये. जुने एरोग्राम, म्हणजे पाकिटाशिवाय घडी घालून पाठवायची हवाई पत्रे, घडीवर फाटतात. त्यांना चिकटपट्टी लावणे किंवा ते लॅमिनेट करणे टाळावे.

त्यानंतर एका वहीत प्रत्येक पत्रातील माहिती उतरवावी. मित्राचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे व व्यवसाय, भावंडे, शाळा, चर्च, खेळाचा क्लब, सुटीत जाण्याचे गाव, पुढे काय शिकण्याचा विचार होता ते, सारे लिहावे. यांतील भावाचे नाव विशेष मोलाचे असते, कारण बहिणीचे आडनाव लग्नानंतर बदललेले असण्याची शक्यता मोठी आणि भावाचे कमी. वडिलांचे दुकान, बेकरी किंवा शेत असेल तर त्या गावातील माणसे तेवढ्या खुणेवरूनही घराणे ओळखतात.

जन्मतारीख पत्रांत सहसा सरळ लिहिलेली नसते, पण ती काढता येते. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळाल्या’ असे वाक्य असलेल्या पत्राची तारीख पाहावी, ‘पुढच्या महिन्यात मी सोळा वर्षांची होईन’ असे वाक्य शोधावे. अनेक देशांच्या नोंदणी कार्यालयांत जन्मतारीख किंवा निदान जन्मवर्ष दिल्यावरच उत्तर मिळते, म्हणून या एका गोष्टीसाठी सबंध गठ्ठा पुन्हा वाचावा लागला तरी वाचावा.

अंक वाचताना सावध राहावे. युरोपातील अनेक लोक १ हा अंक वर लांब शेपटी देऊन काढतात आणि आपल्याला तो ७ वाटतो. त्यांचा खरा ७ मात्र मधोमध आडवी रेघ मारलेला असतो. घरक्रमांक ११ आहे की ७७, हे अशा वेळी त्याच पत्रातील तारखेशी ताडून पाहावे. अमेरिकन माणूस आधी महिना आणि मग दिवस लिहितो, तर पूर्व युरोपात महिना पुष्कळदा रोमन अंकात असतो. सोव्हिएत पाकिटावर पत्ता आपल्या उलट क्रमाने असे, म्हणजे आधी देश व शहर, मग रस्ता आणि सर्वांत शेवटी नाव. डाव्या कोपऱ्यात ठिपक्यांच्या साच्यात भरलेले सहा अंक म्हणजे त्यांचा पिनकोड. हंगेरियन आणि जपानी माणसे आडनाव आधी लिहितात, पण परदेशी मित्राला लिहिताना काही जण मुद्दाम क्रम बदलत, त्यामुळे दोन्ही शक्यता वहीत नोंदवाव्यात. जर्मन किंवा स्कँडिनेव्हियन नावांत अक्षरावर दोन टिंबे वा तिरकी रेघ असेल तर नावाची दोन-तीन रूपे करून ठेवावीत, उदाहरणार्थ ‘म्यूलर’ हे नाव रोमन लिपीत टिंबांच्या ‘यू’ने आणि टिंबांऐवजी ‘यूई’ या दोन अक्षरांनीही लिहिले जाते.

पत्रे उरलीच नसतील आणि नाव मासिकातील सदरातून मिळाल्याचे एवढेच आठवत असेल, तर वाट बिकट आहे पण बंद नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले आहे आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये. अशा जुन्या ग्रंथालयांत नियतकालिकाचे नाव व अंदाजे वर्ष सांगून जुन्या अंकांची चौकशी करता येते. अंक मिळेलच असे नाही.

जुना पत्ता आजच्या नकाशावर आणणे

समजा, नौपाड्यातील एका बाईंची मैत्रीण १९७९ मध्ये पूर्व जर्मनीतील कार्ल-मार्क्स-श्टाट या शहरातून पत्रे लिहीत होती. हे नाव आजच्या नकाशावर सापडणार नाही, कारण १९९० मध्ये त्या शहराने आपले जुने केम्नित्झ हे नाव परत घेतले. पाकिटावरचा चार अंकी टपाल क्रमांकही आता चालत नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर १ जुलै १९९३ पासून सर्व देशासाठी पाच अंकी क्रमांक आले आणि केम्नित्झचे क्रमांक आता शून्य-नऊने सुरू होतात. शिवाय पूर्व जर्मनीत समाजवादी पुढाऱ्यांची नावे दिलेले कित्येक रस्ते १९९० नंतर बदलले. तेव्हा बाईंना आधी शहराचे नवे नाव, मग रस्त्याचे जुने-नवे नाव आणि शेवटी आजचा टपाल क्रमांक अशा क्रमाने पत्ता पुन्हा बांधावा लागतो. बहुतेक जर्मन शहरांतील बदललेल्या रस्त्यांच्या याद्या इंटरनेटवर मिळतात. न मिळाल्यास त्या शहराच्या नगर अभिलेखागाराला ईमेल लिहावा. अशा कार्यालयांना या प्रकारचे प्रश्न नित्याचे असतात आणि नम्रपणे विचारल्यास ती उत्तर देतात.

हीच पद्धत इतरत्रही लागू पडते. लेनिनग्राड १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले, स्वेर्दलोव्स्क येकातेरिनबुर्ग झाले, गोर्की निझ्नी नोव्हगोरोद झाले आणि फ्रुंझे हे शहर आज बिश्केक या नावाने किर्गिझस्तान या वेगळ्या देशाची राजधानी आहे. चेकोस्लोव्हाकियाचे १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश झाले. गाव त्यांपैकी कोणत्या देशात गेले हे न पाहता पाठवलेले पत्र भटकत राहते. जपानने १९९८ मध्ये सात अंकी टपाल क्रमांक स्वीकारले.

पत्ता जुळला की गूगल नकाशावर ते ठिकाण पाहावे. जिथे रस्त्यावरील दृश्य उपलब्ध असते तिथे घर अजून उभे आहे का, ते राहते घर आहे की तिथे दुकान झाले आहे, हे कळते. मित्राने पाठवलेल्या फोटोत घराचा दरवाजा, मागचा डोंगर वा चर्चचा मनोरा दिसत असेल तर तो येथे ताडून घ्यावा. फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही विसरू नये.

कोणत्या देशात काय मिळते

शोध यशस्वी होईल की नाही, हे आपल्या चिकाटीइतकेच मित्राच्या देशावरही अवलंबून असते. काही देशांत रहिवाशाचा पत्ता ही जवळजवळ सार्वजनिक बाब आहे, तर काही देशांत तो कोणालाही मिळत नाही.

सर्वांत सोपा देश स्वीडन. तिथे सरकारी नोंदी सामान्यतः लोकांना खुल्या असतात. लोकसंख्येची नोंद १९९१ पर्यंत चर्चकडे होती, आता ती कर खात्याकडे आहे, आणि नाव व जन्मवर्षासारखी खूण दिल्यास पत्त्याची चौकशी करता येते. ‘हिट्टा’ आणि ‘एनीरो’ या संकेतस्थळांवरही नावानुसार पत्ते सापडतात. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून केंद्रीय नोंदवही आहे. नावासोबत जुना पत्ता किंवा जन्मतारीख दिल्यास शुल्क घेऊन आजचा पत्ता कळवला जातो, मात्र त्या व्यक्तीने पत्ता गोपनीय ठेवण्यास सांगितले असेल तर नाही. फिनलंडमध्येही लोकसंख्या नोंदणी खात्याची पत्ता-सेवा आहे आणि तिथेही असा नकार देण्याचा अधिकार रहिवाशाला आहे.

जर्मनीत प्रत्येक रहिवाशाला आपला पत्ता नगरपालिकेकडे नोंदवावा लागतो आणि त्या नोंदीतून ‘साधी माहिती’ मागण्याची तरतूद कायद्यात आहे. अर्ज त्या शहराच्या नोंदणी कार्यालयाकडे करावयाचा असतो. त्यात आडनाव, नाव आणि माणूस निश्चित ओळखता येईल अशी आणखी माहिती, म्हणजे जन्मतारीख किंवा जुना पत्ता, द्यावी लागते. आणि ही माहिती जाहिरातीसाठी वापरणार नाही असे लिहून द्यावे लागते. माणूस सापडल्यास सध्याचा पत्ता मिळतो आणि तो मरण पावला असल्यास तेही कळवले जाते. शुल्क प्रत्येक शहरात वेगळे असते, आणि माणूस फार पूर्वी शहर सोडून गेला असल्यास जुन्या नोंदी शोधण्याचे शुल्क अधिक पडते. ते युरोमध्ये भरणे हीच खरी अडचण होते. सुदैवाने आज ठाण्यातल्या पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी भाचा किंवा पुतणी जर्मनीत शिकत असते. अर्ज त्यांच्याकडून करवून घेणे सोयीचे. ऑस्ट्रियात अशीच केंद्रीय नोंद आहे आणि तिथेही नावाबरोबर आणखी एखादी खूण द्यावी लागते.

जर्मनीच्या शेजारच्या नेदरलँड्समध्ये मात्र खासगी व्यक्तीला ही नोंदवही पाहता येत नाही. फ्रान्समध्ये रहिवाशांची अशी नोंदवहीच नाही. तिथे ‘पाज ब्लांश’ ही दूरध्वनी यादी आणि ‘कोपां दाव्हां’ हे जुन्या वर्गमित्रांचे संकेतस्थळ या दोन वाटा उरतात. फ्रान्सची एक नोंद मात्र फार उपयोगी आहे. १९७० पासून मरण पावलेल्या व्यक्तींची सरकारी यादी २०१९ पासून सर्वांना खुली असून ती नावानुसार शोधता येते. मित्राचे नाव त्यात नाही एवढे पाहिले तरी पुढच्या शोधाला हुरूप येतो.

इंग्लंडमधील मैत्रिणीचा शोध घेताना ‘फ्रीबीएमडी’ या विनामूल्य संकेतस्थळावरून सुरुवात करावी. इंग्लंड आणि वेल्समधील जन्म, विवाह व मृत्यू यांच्या १८३७ पासूनच्या सूची स्वयंसेवकांनी तिथे उतरवल्या आहेत. अगदी अलीकडच्या वर्षांच्या सूची मात्र तिथे नाहीत. १९१२ पासूनच्या विवाह सूचीत वधूच्या नावापुढे वराचे आडनाव आणि वराच्या नावापुढे वधूचे आडनाव दिलेले असते. समजा, १९८१ मध्ये शेवटचे पत्र आले आणि तेव्हा मैत्रीण वीस वर्षांची होती. तिच्या माहेरच्या नावाने १९८१ ते १९९० ही वर्षे त्या जिल्ह्यात पाहावीत, जुळणारी नोंद सापडली तर नवे आडनाव हाती येते, आणि त्यानंतर मतदार यादीच्या खुल्या भागावर आधारलेल्या ‘१९२ डॉट कॉम’सारख्या संकेतस्थळांवर शोधता येते. नाव फारच सर्वसामान्य असेल तर ही युक्ती लंगडी पडते, आणि तेव्हा भावाचे नाव कामी येते.

अमेरिकेत पत्त्याची सरकारी नोंदवही नाही, पण श्रद्धांजलीपर मृत्युलेखांची परंपरा मोठी आहे. स्थानिक वृत्तपत्रांतील अशा लेखांत ‘मागे मुलगी अमुक, जावई तमुक, राहणार अमुक शहर’ असा तपशील बहुधा असतो. म्हणून मैत्रिणीचे नाव शोधण्यापूर्वी तिच्या आईवडिलांची नावे आणि गाव टाकून मृत्युलेख शोधावा. मुलीचे लग्नानंतरचे नाव आणि ती राहत असलेले शहर एकाच ओळीत मिळून जाते. इंटरनेटवर लेख न सापडल्यास त्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागाला ईमेल करावा, कारण जुन्या वृत्तपत्रांतून असा लेख काढून देणे हे अनेक अमेरिकन ग्रंथालयांचे नेहमीचे काम आहे. ‘क्लासमेट्स’ या संकेतस्थळावर शाळांची जुनी वार्षिके पाहता येतात आणि ‘फाइंड अ ग्रेव्ह’वर थडग्यांच्या नोंदी असतात. ऑस्ट्रेलियासाठी ‘रायरसन इंडेक्स’ ही वृत्तपत्रांतील मृत्युवार्तांची विनामूल्य सूची आहे.

रशियातील मित्रासाठी नाव रशियन लिपीत लिहिता आलेच पाहिजे. तिथे फेसबुकपेक्षा ‘व्हीकाँताक्ते’ आणि ‘अदनाक्लास्निकी’ ही माध्यमे अधिक वापरात आहेत, आणि दुसरे तर मुळात वर्गमित्रांच्या भेटीसाठीच निघाले असल्याने साठी ओलांडलेली माणसे तिथे अधिक भेटतात. त्यावर नाव, जन्मवर्ष आणि शाळेचा क्रमांक यांनी शोध घेता येतो. सोव्हिएत शाळांना बहुधा क्रमांक असत आणि तो पत्रात सापडण्याची शक्यता चांगली असते. हरवलेल्या माणसांचा शोध घेणारा ‘ज्दी मेन्या’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रमही तिथे १९९८ पासून चालत आला आहे.

जपानमधील शोध सर्वांत अवघड. नोंदी बंद आहेत, नवराबायकोला एकच आडनाव लावण्याचे कायद्याचे बंधन आहे आणि ते बहुधा नवऱ्याचे असते, आणि रोमन लिपीतील एका नावाची चिनी अक्षरांत अनेक रूपे होतात. मित्राने कधी हौसेने आपले नाव जपानी लिपीत लिहून पाठवले असेल तर तो कागद सोन्यासारखा जपावा. तिथे आईवडिलांच्या जुन्या पत्त्यावर लिहिणे किंवा शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाला ‘हे पत्र पुढे पाठवाल का’ अशी विनंती करणे, हेच दोन मार्ग उरतात. मलेशिया, फिलिपिन्स, घाना, नायजेरिया अशा देशांतील मित्रांसाठी त्या गावाच्या किंवा शाळेच्या फेसबुक गटात विचारणे सर्वांत परिणामकारक ठरते.

भाषेची अडचण आली तर यंत्रानुवादावर वाचण्यापुरते अवलंबून राहण्यास हरकत नाही. लिहिण्यासाठी मात्र भाषा जाणणाऱ्या व्यक्तीची नजर फिरलेली बरी. काळा घोडा परिसरातील मॅक्स म्युलर भवन किंवा पेडर रोडवरील रशियन सांस्कृतिक केंद्र अशा ठिकाणी भाषा शिकणारी मुले ठाण्या-वाशीतही राहतात आणि जुने पत्र वाचून दाखवायला ती आनंदाने तयार होतात.

समाजमाध्यमांवर शोध

फेसबुकवर नुसते नाव न टाकता नाव आणि गाव, नाव आणि शाळा, भावाचे नाव आणि गाव अशा जोड्या करून पाहाव्यात. तीच असावी असे वाटणारी व्यक्ती सापडल्यावर तिच्या मित्रयादीत तेच आडनाव असलेली माणसे दिसतात का, गाव जुळते का, हे आधी पाहावे. अनोळखी व्यक्तीचा संदेश सामान्य पेटीत न जाता ‘संदेश विनंत्या’ या वेगळ्या कप्प्यात पडतो आणि तिथे तो महिनोन्महिने न वाचलेला राहू शकतो. उत्तर आले नाही म्हणजे नकार आला, असे समजू नये. आपल्याही त्या कप्प्यात कोणाचा जुना संदेश पडून आहे का, ते याच वेळी पाहून घ्यावे. मित्राचा जुना फोटो आणि पत्ता एखाद्या मोठ्या गटात जाहीरपणे टाकून ‘हिला कोणी ओळखता का’ असे विचारणे मला योग्य वाटत नाही. त्या व्यक्तीला न विचारता तिचे तरुणपण चव्हाट्यावर येते, आणि फसवणूक करणाऱ्यांच्या हाती आयती माहिती पडते.

आपणही सापडले पाहिजे

कदाचित तिकडूनही शोध चालू असेल. तुमचा मित्र तुम्हाला कोणत्या नावाने आणि कोणत्या पत्त्यावर शोधील, याचा विचार करावा. त्याच्या वहीत मुंबई नव्हे, ‘बॉम्बे’ आहे; ठाण्याचे स्पेलिंग कदाचित ‘ठाणा’ असे आहे; वाशीत राहणाऱ्याचा पत्ता ‘न्यू बॉम्बे’ असा आहे. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला, त्यामुळे त्याआधीच्या पत्त्यात तो नसेलच. ज्या चाळीचे किंवा वाड्याचे नाव त्याने लिहिले आहे तिथे आता वीस मजली मनोरा असेल, आणि सिडकोच्या सेक्टरमधील जुन्या इमारतींची गतही तीच.

त्यामुळे तीन गोष्टी करून ठेवाव्यात. फेसबुकवरील ‘इतर नावे’ या रकान्यात माहेरचे नाव लिहावे. ज्या मुलीने कुमारिका असताना पत्रे लिहिली तिला सासरच्या नावाने परदेशात कोणीही ओळखत नाही. आपल्या परिचयात जुन्या शाळेचे आणि जुन्या वस्तीचे नाव, जुन्या स्पेलिंगसह, घालावे. आणि जुन्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या कार्यालयात आपले जुने नाव, नवा पत्ता आणि फोन क्रमांक यांची चिठ्ठी देऊन ठेवावी, शक्य तर त्या भागाच्या पोस्टमनलाही सांगावे. नव्या इमारतीतील पत्रपेट्यांवर तुमचे नाव नसते, आणि नाव ओळखणारा माणूस नसेल तर पत्र आल्या वाटेने परत जाते.

पहिले पत्र

पत्ता मिळाला, तरी फोन करू नये. फोनवर समोरच्याला विचार करायला वेळ मिळत नाही, आणि भारतातून आलेल्या अनोळखी फोनकडे तिकडे आता संशयानेच पाहिले जाते. टपालाने पाठवलेले छोटे, हाताने लिहिलेले पत्र अजूनही सर्वांत सभ्य. माणसाविषयी खात्री नसेल, किंवा जुन्याच पत्त्यावर लिहीत असाल, तर मजकूर साधारण असा ठेवावा आणि तो इंग्रजीत किंवा त्यांच्या भाषेत उतरवून घ्यावा :

‘मी भारतातील ठाणे शहरात राहते. मी आता निवृत्त शिक्षिका आहे. १९७८ ते १९८३ या काळात या पत्त्यावर राहणाऱ्या एका मुलीशी माझा पत्रव्यवहार होता. तिचे नाव वर पाकिटावर लिहिले आहे. तिच्या वडिलांची बेकरी होती आणि तिला एक धाकटा भाऊ होता. आपण तिला ओळखत असल्यास हे पत्र तिच्याकडे पोचते करावे, ही विनंती. तिचा पत्ता मला कळवण्याची आवश्यकता नाही. तिला वाटल्यास ती स्वतः लिहील. आपण ओळखत नसल्यास तसदीबद्दल क्षमा असावी.’

‘पत्ता कळवण्याची आवश्यकता नाही’ हे वाक्य गाळू नये. मे २०१८ पासून युरोपीय संघात वैयक्तिक माहितीविषयीचे नियम कडक झाले आहेत आणि सामान्य माणसेही दुसऱ्याचा पत्ता द्यायला कचरतात, पण पत्र पुढे पाठवायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. आपले वय आणि व्यवसाय आरंभीच सांगितल्याने पैसे किंवा व्हिसा मागणारे हे पत्र नव्हे, याची खात्री पटते. सोबत जुन्या पाकिटाची झेरॉक्स जोडावी. मूळ पत्र किंवा मूळ फोटो कधीही पाठवू नये. पत्र तिच्या नवऱ्याच्या किंवा मुलांच्या हाती आधी पडू शकते हे ध्यानात ठेवून जुन्या खासगी गोष्टी लिहू नयेत. स्वतःचा पूर्ण पत्ता पाकिटाच्या मागे रोमन लिपीत ठळक लिहावा आणि पिनकोडखाली ‘इंडिया’ लिहायला विसरू नये.

काय टाळावे

दूतावासांना किंवा वकिलातींना पत्रमित्राचा पत्ता विचारण्यात अर्थ नाही; ते तो देत नाहीत. रेडक्रॉसची शोधसेवा युद्ध, आपत्ती वा स्थलांतरामुळे ताटातूट झालेल्या कुटुंबीयांसाठी असते आणि साल्व्हेशन आर्मीची सेवाही नातलगांपुरतीच. मैत्रीचा शोध त्यांच्या कक्षेत येत नाही. ‘चोवीस तासांत पत्ता’ असे सांगून आधी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांना कार्डाचा क्रमांक देऊ नये.

शोध जाहीर झाला की कधी कधी मित्र स्वतःहूनच ‘सापडतो’. गोड बोलणारा संदेश येतो, आठवडाभरात भेटवस्तूंचे पार्सल पाठवल्याचे सांगितले जाते आणि मग कस्टममधून ते सोडवण्यासाठी पैसे भरा असा फोन येतो. खरा मित्र ओळखण्यासाठी त्याला पत्रातील असे काही विचारावे जे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही, उदाहरणार्थ त्याच्या कुत्र्याचे नाव. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पत्र परत आले तर

पाकीट परत आले तर ते टाकून देऊ नये, कारण त्यावरील खुणेवरून पुढची दिशा ठरते. जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच असल्यामुळे परतीच्या चिठ्ठीवर कारणे त्या भाषेत छापलेली असतात आणि लागू असलेल्या कारणापुढे खूण केलेली असते. ‘अँकोन्यू’ म्हणजे त्या नावाचे कोणी तिथे नाही. अशा वेळी शेजारच्या घरक्रमांकावर किंवा गावच्या चर्चला लिहावे. ‘देमेनाझे’ म्हणजे घर सोडले. नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करण्यासाठी हा चांगला आधार होतो. ‘देसेदे’ म्हणजे व्यक्ती मरण पावली. तरीही भावंडांना दोन ओळी लिहून जुन्या पत्रांच्या व फोटोंच्या प्रती हव्यात का, असे विचारता येते, आणि घरच्यांना त्या बहुधा हव्या असतात. ‘नाँ रेक्लामे’ म्हणजे टपाल कार्यालयात ठेवलेले पत्र कोणी नेले नाही. नोंदणीकृत टपालाच्या बाबतीत हे हमखास घडते, तेव्हा दुसऱ्या खेपेस साध्या टपालाने पाठवावे. ‘रफ्यूझे’ म्हणजे घेण्यास नकार, आणि तो नकार मानून शोध थांबवावा.

पत्र परतही आले नाही आणि उत्तरही आले नाही, तर ते बहुधा पोचले आहे असे धरावे. चारपाच महिन्यांनी, नाताळच्या सुमारास, एक साधे शुभेच्छापत्र पाठवावे, त्यावर आपला ईमेल पत्ता लिहावा आणि त्यापुढे लिहू नये.